पॅड बदलले तरी ब्रेक परत करकरतोय, परत संपतोय? नवीन घ्यायच्या आधी जुने पॅड बघा

पुण्यात पावसाळा संपत आला की ही तक्रार सुरू होते. बाइकचा पुढचा डिस्क ब्रेक करकर वाजतोय, पॅड बदलले, पंधरा दिवस बरं होतं, परत तेच. नाहीतर दुसरा प्रकार, मागचे पॅड दर सर्व्हिसला संपलेलेच निघतात, गॅरेजवाले म्हणतात तुम्ही ब्रेक फार मारता आणि आपण म्हणतो पॅडच हलके यायला लागलेत आजकाल. मग पुढची पायरी ठरलेली, यावेळी कंपनीचे नकोत, लोकल तर अजिबात नकोत, ते कोणीतरी सांगितले होते ना इंपोर्टेड सिंटर्ड, धातूच्या पुडीचे, तेच टाकू. चौपट पैसे जातात आणि दोन महिन्यांनी तीच करकर, फक्त आता महागातली.

कोणते पॅड घ्यायचे हा प्रश्न नंतरचा आहे हो. आधीचे कशाने गेले ते पहिलं बघा, आणि त्यासाठी जुने पॅड हातात घ्यायला लागतात. आपण काय करतो, सकाळी गाडी गॅरेजला सोडतो, संध्याकाळी बिल देऊन घेऊन येतो, जुने पॅड तिकडेच भंगाराच्या डब्यात. तर आधी ही सवय लावा, पॅड काढताना तिथे उभं राहा आणि गॅरेजवाल्या काकांना सांगा की आतल्या बाजूचा कुठला, बाहेरचा कुठला, पाठीवर मार्करने खूण करून द्या. "अहो टाकायचेच आहेत ना?" असं विचारतील, विचारू देत. पिशवीत घालून घरी आणा आणि उजेडात बघा.

बघायचं काय ते कळायला ब्रेक कसा चालतो ते थोडक्यात. आपल्याकडच्या बहुतेक १२५ ते २०० सीसीच्या गाड्यांना फ्लोटिंग, म्हणजे सरकणारं कॅलिपर असतं, कॅलिपर म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंना पॅड धरणारा भाग. पिस्टन एक असो वा दोन, असतात एकाच बाजूला. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच दाबाने अख्खं कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतं. हे सरकणं मोकळं आहे तोवर दोन्ही पॅड साधारण सारखे झिजतात. लिव्हर सोडला की पिस्टनभोवतीचं चौकोनी कडेचं रबरी सील, जे दाबताना थोडं पिळलं गेलेलं असतं, ते सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. बस, एवढंच. ड्रम ब्रेकला लायनर मागे ओढायला जशी दणकट स्प्रिंग असते तसलं इथे काही नाही. त्यामुळे पिनांवर गंज चढला किंवा पिस्टनवर चिखल वाळून बसला की पॅड डिस्कला टेकलेलाच राहतो, तुम्ही लिव्हरला हातही न लावता तो घासत असतो, आणि मग तिथे सोन्याचे पॅड लावले तरी संपणारच.

जुने पॅड काय सांगतात

आमच्या मावसभावाची गाडी घ्या. रोज वारजे ते हिंजवडी, म्हणजे ब्रेकला आराम असा नाहीच, त्यामुळे तोही ट्रॅफिकलाच शिव्या देत वर्षभर पॅड बदलत होता. शेवटी जुने पॅड शेजारी शेजारी ठेवून बघितले तर आतल्याचं मटेरियल पूर्ण संपून पत्रा डिस्कला लागायच्या बेतात, आणि बाहेरच्यावर मधली इंडिकेटरची खाच अजून निम्मी शाबूत. ट्रॅफिकने दोन्ही झिजले असते ना, एकच का झिजेल? कॅलिपर उतरवून हाताने सरकवून बघितलं, हलेना. खालची पिन पक्कड लावून फिरवत फिरवत काढावी लागली, आणि बाहेर आली ती तपकिरी, मधोमध गंजाचा जाड पट्टा, ग्रीसचा पत्ता नाही, वरचं घडीचं रबर एका बाजूला फाटलेलं आणि आत मळकट साबणाचं पाणी. म्हणजे दर वॉशिंगला प्रेशरचं पाणी त्या फटीतून आत जायचं आणि तिथेच राहायचं. पिन नवीन घेतली, कारण गंजाने खड्डे पडलेली पिन घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही, ती परत अडकते. दोन्ही रबरं बदलली, सिलिकॉनचं कॅलिपर ग्रीस लावलं. पॅड यावेळी कंपनीचेच साधे टाकले, ते दोन्ही सारखे झिजतायत.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, पिनांना चेनचं किंवा बेअरिंगचं साधं ग्रीस लावू देऊ नका. पेट्रोलियमच्या ग्रीसने ती रबरं फुगतात आणि पिन पहिल्यापेक्षा जास्त जाम होते. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब मिळते, फार पैसे नाही पडत, आपली आपण घेऊन जा. गॅरेजमध्ये बोट घालायला एकच डबा असतो आणि त्यात काय आहे हे त्यांनाही माहीत नसतं.

आता बाकीच्या खुणा. दोन्ही पॅड एकसारखे पातळ, पृष्ठभाग मॅट, कडा शाबूत, तर अभिनंदन, गाडीत काही बिघाड नाही, पॅड आपलं आयुष्य जगून गेले, तुम्ही थेट खरेदीच्या भागावर जा. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा, तर पिना झिजून ढिल्या झाल्यात किंवा पॅड स्वतःच्या पिनवर एका बाजूने अडकतोय, किंवा गाडी कधी पडली असेल तर ब्रॅकेट वाकलाय. थोडाफार उतार काही कॅलिपरमध्ये असतोच, पण डोळ्याला लगेच दिसण्याइतका असेल तर ब्रॅकेट तपासा.

पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत दिसला तर पॅड तापून ग्लेझ झालेत. हे दोन टोकांच्या लोकांना होतं. एक जे घाट उतरताना पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत ब्रेक हलकासा दाबूनच ठेवतात, सिंहगडावरून उतरताना पुढच्या गाडीचा ब्रेक लाइट बघा, काही जणांचा विझतच नाही, आणि त्यातले थोर तर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवत असतात. दुसरे जे नवीन पॅड टाकल्यावर नीट बसूच देत नाहीत, त्याबद्दल खाली. ग्लेझ वरवरचा असेल तर सपाट जागी काचपेपर ठेवून पॅड हलक्या हाताने फिरवून वरचा थर काढता येतो, चालतं. धूळ मात्र फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या, जुन्या आणि बिनानावाच्या पॅडमध्ये काय भरलंय याची खात्री कोणी देत नाही.

आणि तेलकट पॅड. पृष्ठभाग काळपट, डागाळलेला, नाकाशी नेला तर वास येतो. हे घासून, पेट्रोलने धुऊन, गॅसवर धरून नीट होत नाहीत, मटेरियलच्या आत तेल मुरलेलं असतं, तापलं की परत वर येतं. टाकून द्या. पण टाकायच्या आधी तेल आलं कुठून ते शोधा, नाहीतर नवीन जोडीचं तेच होणार. पुढे असेल तर फोर्कचं सील बघा, पाइपवर बोट फिरवलं की तेलाची ओळ लागते. मागे असेल तर चेन स्प्रे, चाक फिरवत फिरवत सढळ हाताने मारलेला. आणि तिसरं कारण आपल्याकडचं खास, वॉशिंग सेंटर. गाडी धुऊन झाली की चकाकीसाठी खालून डिझेल नाहीतर ऑइल मिसळलेलं काहीतरी फवारतात, टायरला पॉलिश मारतात, आणि त्यातलं निम्मं डिस्कवर जातं. आमच्या भागातल्या एका वॉशिंगवाल्याकडून गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच सिग्नलला पुढचा ब्रेक नुसता नावाला लागला, पुढे रिक्षा होती, थोडक्यात वाचली. तेव्हापासून आधीच सांगतो, फवारा नको, पॉलिश नको, फक्त पाणी आणि शाम्पू. डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनर, डब्ल्यूडी-४० नाही. करकर थांबावी म्हणून डिस्कवर डब्ल्यूडी-४० मारणारे लोक मी बघितलेत. करकर थांबते खरी, ब्रेकही थांबतो.

पॅड ठीक, पिना मोकळ्या, तरी चाक जड

दोन्ही पॅड लवकर आणि सारखेच झिजतायत, डिस्क तापतेय, गाडी ढकलताना जड लागतेय, तर दाब आत अडकून राहतोय का ते बघायला लागतं. याची एक जुनी सोपी युक्ती आहे. चाक जड असतानाच कॅलिपरचा ब्लीडर स्क्रू, म्हणजे ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू, किंचित ढिला करायचा. दोन थेंब ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दोष वरती आहे, मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी ऑइलवर दाब देणारा भाग), लिव्हर किंवा होज, म्हणजे ऑइलचा पाइप. चाक तसंच जड राहिलं तर दोष खाली आहे, पिस्टन किंवा पिना. नंतर स्क्रू घट्ट करून ऑइलची लेव्हल बघून एअर काढायची, तोवर गाडी हलवायची नाही. एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडी असेल आणि सवय नसेल तर हे गॅरेजमध्येच करून घ्या, पण करून घ्या, कारण दोष वर आहे की खाली हे न बघता बरेच जण सरळ कॅलिपर बदलायला सांगतात.

दोष वर निघाला तर आधी लिव्हर बघा. ते रंगीत सीएनसी लिव्हर बसवलेत का? त्यातल्या काहींची आतली दांडी जरा मोठी असते आणि लिव्हर पूर्ण सोडलेला असला तरी मास्टर सिलिंडरचा पिस्टन थोडा दाबलेलाच राहतो. आतलं ऑइल परत यायचं छोटं भोक त्यामुळे झाकलेलं राहतं, ऑइल तापून फुगलं की जायला जागा नाही, मग पॅड आपोआप दाबले जातात आणि जसजशी गाडी चालवाल तसतसा ब्रेक जास्त लागत जातो. लिव्हरला टोकाशी थोडी मोकळी चाल हवीच. कंपनीचा लिव्हर परत लावून बघा, पाच मिनिटांत कळतं. मागे असेल तर ब्रेक पेडलची चाल बघा, आणि पाय कुठे ठेवता तेही बघा, बरेच जण बूट पेडलवर टेकवूनच चालवतात आणि त्यांना पत्ता नसतो. मागून येणाऱ्या मित्राला विचारा ब्रेक लाइट लागलेला असतो का.

आणखी एक प्रकार फार होतो. पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलच्या डबीतली लेव्हल आपोआप खाली येते, कारण पिस्टन बाहेर सरकलेले असतात, त्यांच्या मागची जागा ऑइलने भरते. हे गळती नाही. पण मधल्या सर्व्हिसला कोणीतरी लेव्हल कमी बघून काठोकाठ भरून टाकतं. मग नवीन जाड पॅड टाकताना पिस्टन आत ढकलले की सगळं ऑइल वर येतं, एक तर झाकणातून सांडून पेट्रोलच्या टाकीचा रंग खातं, नाहीतर तसंच दाबून बसतं. म्हणून पिस्टन ढकलायच्या आधी डबीचं झाकण उघडून बघायचं. आणि पिस्टन तसाच चिखलासकट आत ढकलायचा नाही, आधी बाहेर आलेला भाग जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्याने घासून स्वच्छ पुसायचा. नवीन पॅड टाकल्यावर सुरू होणारं जड चाक बऱ्याचदा या एका घाईमुळे असतं, तो वाळलेला चिखल सीलवर जाऊन बसतो.

आता खरेदी

इथवर गाडी नीट असेल तर पॅड निवडणं तसं सोपं आहे. ढोबळ तीन प्रकार. ऑरगॅनिक, म्हणजे रेझिनमध्ये फायबर वगैरे बांधलेले, मऊ, आवाज कमी, डिस्कला सोसणारे, थंड असतानाही लगेच पकडतात, पण लवकर झिजतात आणि फार तापले की ढेपाळतात. सिंटर्ड, म्हणजे तांब्याची आणि इतर धातूंची पूड दाबून भट्टीत भाजून केलेले, उष्णता सोसतात, जास्त टिकतात, आणि ओल्यात यांची पकड चांगली, ताम्हिणीत जुलैमध्ये चालवणाऱ्याला हा फरक पहिल्याच वळणाला कळतो. मधले सेमी-मेटॅलिक, नावाप्रमाणे दोन्हीचं थोडं थोडं.

मग सगळ्यांनी सिंटर्डच का टाकू नयेत? कारण डिस्क. ज्या गाडीला कंपनीनेच सिंटर्ड दिलेत तिची डिस्क त्या हिशेबाने कडक असते. पण मूळ ऑरगॅनिकवर चालणाऱ्या कम्यूटर गाडीला सिंटर्ड टाकले तर पॅड टिकतात आणि डिस्क संपते, आणि डिस्कची किंमत पॅडच्या कितीतरी पट. शिवाय धातूचा पॅड उष्णता पटकन मागे पिस्टनकडे आणि ऑइलकडे पोचवतो, ऑइल जुनं असेल तर ते उकळायचा धोका वाढतो. माझं मत विचाराल तर रोज कोथरूड ते खराडी करणाऱ्या दीडशे सीसीला कंपनीचे ऑरगॅनिक किंवा सेमी-मेटॅलिक पुरेसे आहेत, उरलेल्या पैशात ब्रेक ऑइल बदला. तीनशे-चारशे सीसीची गाडी, सामान लादून, मागे माणूस बसवून दर दोन शनिवारी वरंध नाहीतर महाबळेश्वर, तर सिंटर्डचा विचार करा, मॅन्युअलमध्ये किंवा त्या पॅड कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तुमच्या मॉडेलपुढे सिंटर्ड दिलेत का ते बघून.

पॅडच्या पाठीच्या पत्र्यावर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ, जीजी, एचएच वगैरे. पहिलं अक्षर थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच म्हणजे ०.५५ च्या वर. एचएच दिसलं की लोक सिंटर्ड समजतात, तसं काही नाही, अक्षरं फक्त पकड किती ते सांगतात, पॅड कशाचा केलाय आणि किती टिकेल ते नाही. आणि जास्त पकड म्हणजे चांगलंच असंही नाही. एकच डिस्क, एबीएस नाही, पुढचा टायर टक्कल पडलेला, अशा गाडीला जोरात पकडणारा पॅड टाकला तर पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर चाक लॉक व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्याच्या आधीची गाडी असेल तर हे नक्की लक्षात घ्या.

दुकानात जाताना जुना पॅड बरोबर न्या, नाना पेठेत गाडीचं नुसतं नाव सांगून पॅड मागितला तर समोर तीन पाकिटं येतात, कारण एकाच नावाच्या गाडीला वर्षाप्रमाणे, एबीएस एका चाकाला की दोन्हींना (सिंगल-ड्युअल चॅनेल) त्याप्रमाणे कॅलिपर वेगवेगळं लागलेलं असतं. काउंटरवरच जुन्यावर नवीन ठेवून बघायचं, कान जुळतात का, भोकं जुळतात का, पत्र्याची जाडी सारखी आहे का. दुकानदार म्हणेल "बसतंय साहेब, थोडं घासून बसवतात", तर नको म्हणा, पॅड घासून बसवायची वस्तू नाही. कॅलिपर कोणाचं आहे तेही त्यावर कोरलेलं असतं, ते वाचून घ्या. बायब्रे लिहिलं असेल तर तो ब्रेम्बोचाच छोट्या गाड्यांसाठीचा ब्रँड, त्यांचा कारखाना आपल्या चाकणलाच आहे. एन्ड्युरन्स असेल तर ती छत्रपती संभाजीनगरची. गाडी कोणत्याही कंपनीची असली तरी पॅडची विचारपूस करताना कॅलिपरचं नाव सांगितलं की काम सोपं होतं.

डुप्लिकेट ओळखायला पाकिटापेक्षा पॅड बघा. मटेरियल पत्र्याला जिथे चिकटवलंय तिथे कडेने नख फिरवा, फट लागली, कडा भुरभुरली, रंग फासून काही लपवलेलं दिसलं तर परत करा. ती फट पावसात पाणी घेते, आतून पत्रा गंजतो आणि एक दिवस मटेरियल पत्र्यापासून सुटतं. हे होतं तेव्हा ब्रेक कमी लागत नाही, लागतच नाही.

डिस्कही त्याच वेळी मोजून घ्या. डिस्कवरच कुठेतरी किमान जाडी कोरलेली असते, मिन टीएच असं लिहून पुढे मिलिमीटरमध्ये आकडा. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, लावताना बाहेरच्या कडेला न झिजलेली धार असते, तिच्यावर टेकला तर माप जास्त दाखवतो, धार सोडून मोजा. आकड्याच्या खाली गेली असेल तर नवीन पॅडचे पैसे घालवू नका, आधी डिस्क. बारीक रेघा चालतात, नखाला अडकणाऱ्या खोल चऱ्या असतील तर नवीन सपाट पॅड त्यावर नीट टेकत नाही आणि सुरुवातीला ब्रेक कमीच लागतो.

बसवल्यावर

एका कॅलिपरचे दोन्ही पॅड एकदम बदलायचे, डबल डिस्क असेल तर चारही. सगळं बसवून झालं की गाडी हलवायच्या आधी लिव्हर पंप करा, कडक होईपर्यंत. पिस्टन आत ढकललेले असतात, पहिले काही दाब हवेत जातात, आणि गॅरेजच्या उतारावरून गाडी खाली घेताना हे कळणं बरं नाही.

नवीन पॅड बसायला वेळ लागतो. पॅडच्या मटेरियलचा पातळ थर डिस्कवर चढतो तेव्हा कुठे ब्रेक पूर्ण लागतो. सकाळी लवकर, रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, साठच्या आसपासवरून दहापर्यंत हळूहळू दाब वाढवत ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, थोडं अंतर तसंच चालवून डिस्क थंड होऊ द्यायची, परत. असं दहा-बारा वेळा केलं की पुरतं. तापलेल्या डिस्कवर लिव्हर दाबून उभं राहायचं नाही, तिथेच पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे प्रत्येक ब्रेकला लिव्हर धडधडतो. लोक मग म्हणतात डिस्क वाकली. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर घाटात जाऊ नका, विशेषतः पॅड शुक्रवारी बदलून शनिवारी दिवे घाट असला बेत असेल तर एक शनिवार पुढे ढकला.

ब्रेक ऑइलचं एवढंच, झाकणावर जे लिहिलंय तेच, बहुतेक गाड्यांना डॉट ४. त्याचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषून घेतल्यावर किमान १५५ वर येतो, आणि ते हवेतलं पाणी शोषतच राहतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ५ हे सिलिकॉनचं आहे, आकडा मोठा म्हणून ते ओतू नका. घाटात ब्रेक गेला तर लिव्हरवरून ओळखता येतं, लिव्हर मऊ पडून मुठीपर्यंत आला तर ऑइल उकळलंय, लिव्हर कडकच आहे पण गाडी थांबत नाही तर पॅड तापलेत. पहिल्यात पॅड बदलून काहीही होणार नाही.

आवाजाबद्दल शेवटचं, कारण सगळ्यात जास्त घाबरतात ते आवाजालाच. रात्रभर पावसात उभी गाडी, सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखर, मग बंद, तो डिस्कवरचा गंजाचा पापुद्रा आहे, सोडून द्या. थांबता थांबता बारीक चिर्र, बाकी ब्रेक उत्तम, तर पॅडच्या मागची पातळ शिम किंवा कॅलिपरमधली पत्र्याची स्प्रिंग बसवायची राहिलीय का ते बघा, जुन्या पॅडबरोबर त्याही डब्यात गेलेल्या असतात. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर मात्र पुढच्या रविवारची वाट बघायची नाही, मोबाइलचा टॉर्च मारून कॅलिपरच्या खालून बघा, मटेरियल एक-दीड मिलिमीटरच्या खाली असेल तर गाडी तिथेच लावा आणि घरी बसने या.